फौलाद पंचम आणि चार नंबरची प्रेस

चौसष्टाव्या वर्षी माणसाला मधुमेह जडतो, गुडघेदुखी जडते, फार तर बागेतल्या हास्यक्लबचा नाद जडतो. साहेबराव गव्हाण्यांना कार्टून जडलं.

त्याला कारण त्यांची नात तनुजा. साहेबराव राहायला चिंचवडला, मुलगा ताथवड्यात चौदाव्या मजल्यावर. एका रविवारी ते मुलाकडे गेले. मुलाने आणि सुनेने त्यांचं अगदी मनापासून स्वागत केलं आणि आपापल्या फोनमध्ये डोकं घातलं. उरली दहा वर्षांची तनुजा आणि समोरचा टीव्ही. टीव्हीवर बारा मजली उंचीचा एक लोखंडी माणूस बंदरावर उभा राहून बेडकासारख्या राक्षसाला ठोसे मारत होता, आणि प्रत्येक ठोशाआधी तो कुठला ठोसा आहे हे घसा फोडून सांगत होता.

"हा आधी सांगून का मारतो?" साहेबरावांनी विचारलं.

"सगळे सांगूनच मारतात आजोबा. नियमच आहे," तनुजा म्हणाली.

मालिका जपानी, बोलणं हिंदीत केलेलं, नाव 'फौलाद पंचम'. जगावर दर आठवड्याला संकट यायचं आणि ते न चुकता त्याच बंदरावर यायचं. मिशीवाला एक दुष्ट सरदार जग जिंकायला निघालेला असायचा, पण सगळे राक्षस एकदम पाठवावेत हे त्याला सव्वीस भागांत एकदाही सुचलं नव्हतं. संकट आलं की पाच माणसं पाच यंत्रांत बसून निघायची आणि ती यंत्रं जोडून तो लोखंडी माणूस तयार व्हायचा. उजव्या हातात एक तापट मुलगी, डाव्या हातात सदा रुसलेला एक पोरगा, दोन पायांत शेवयांची गाडी चालवणारे जुळे भाऊ आणि डोक्यात एक निवृत्त हेडमास्तर. हेडमास्तर आधी हजेरी घ्यायचे. पाचही जणांनी 'हजर' म्हटल्याशिवाय जोडणी सुरू व्हायची नाही. तोवर तो मिशीवाला सरदार छत्रीखाली खुर्ची टाकून चहा पीत थांबायचा. इतका समंजस शत्रू साहेबरावांना चाळीस वर्षांच्या नोकरीत भेटला नव्हता. त्यांना भेटलेले सगळे हजेरी चालू असतानाच हल्ला करणारे.

चित्रं जुनाट होती. जाड रेघा, मागे तेच ते तीन खडक, पडद्यावर मधूनच धुळीचे ठिपके. आपल्या तरुणपणीचं काहीतरी पोरीने शोधून काढलं म्हणून साहेबरावांना बरं वाटलं आणि त्यांनी तसं बोलून दाखवलं.

"जुनं नाहीये हे. मागच्या वर्षीचंय," तनुजा म्हणाली. "मुद्दाम जुनं दिसतं. ती धूळपण मुद्दाम टाकलीय."

ताथवड्यातच शेणाने सारवल्यासारखी दिसणारी फरशी बसवलेलं हॉटेल साहेबरावांनी पाहिलं होतं. त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही.

पण ते गुंतले. मुलगा समजला बाबा नातीसाठी बसलेत, नात समजली आजोबांना डुलकी लागलीय, आणि साहेबराव पाहत होते की उजवा हात खांद्याला बसताना आधी मार्गदर्शक खिळा आत जातो, मग खोबणीत चावी सरकते, मग सहा बोल्ट फिरतात. त्यांनी रिमोट घेऊन ते दृश्य दोनदा मागे नेलं. बोल्टांना वॉशर होते. ज्या माणसाने हे चित्र काढलं त्याने कधीतरी हातात पाना धरलाय, याबद्दल साहेबरावांची खात्री झाली. शिवाय त्यात कुणालाही कशाची लाज नव्हती. हल्लीच्या मालिकांत नायक अंधारात बसून आपल्या दुःखाचा विचार करतो. इथे नायकांचं एकच दुःख, लढाई लांबली की शेवया गार होतात. बाकी पाचही जण ते खुळ्यासारखं ओरडणं, ते हात पसरणं इतकं जीव ओतून करायचे की बघणाऱ्याला हसूही यायचं आणि अंगावर काटाही यायचा.

तनुजाचा उत्साह तीन भागांत संपला. साहेबरावांनी चाकणला जाता-येता कंपनीच्या बसमध्ये फोनवर, कानात बोंडं घालून सव्वीस भाग पुरे केले. शेजारच्यांना वाटलं, गव्हाणेसर हरिपाठ ऐकतात. साहेबरावांनी तो गैरसमज दूर केला नाही.

चाकणच्या त्या कंपनीत ते प्रशिक्षक होते. पिंपरीच्या एका कारखान्यात, पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि गेली सहा वर्षं इथे नव्या मुलामुलींना शिकवत होते. कंपनी अर्धी जपानी, अर्धी आपली. जपानी अर्ध्याने कामाच्या पद्धती आणल्या होत्या आणि आपल्या अर्ध्याने त्यांची पोस्टरं छापली होती.

त्या पद्धतींत एक अशी होती की मशीन चालू करण्याआधी प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने बोलायचं. गार्डकडे, म्हणजे यंत्राच्या संरक्षक जाळीकडे बोट, "गार्ड ओके". सेन्सरकडे बोट, "सेन्सर ओके". मग "हात बाहेर, ओके". जपानी नाव कुणाच्याच जिभेवर बसलं नाही, तेव्हा सगळे तिला 'बोट-बोल' म्हणू लागले. पद्धत चांगली होती. तिचं काय करायचं हे मात्र लाइन सुपरवायझर समाधानच्या हाती होतं.

समाधान हा कर्तबगार माणूस. जे मोजता येतं तेच खरं, असं त्याला एका दोन दिवसांच्या शिबिरात कळलं होतं आणि तेव्हापासून तो मोजत सुटला होता. त्याने बोट-बोलचं कार्ड बनवलं. आवाजाला दहा गुण, हात सरळ असण्याला दहा, पायांतल्या अंतराला दहा. आवाज मोजायला त्याने फोनवर ॲप घेतलं होतं. नव्वदच्या खाली आलं की गुण कापायचे. डोळे कुठे आहेत हे मोजायचं ॲप मिळालं नाही, म्हणून ते कार्डात नव्हतं.

या कार्डावर सहा वर्षं पहिला येणारा माणूस म्हणजे चार नंबरच्या प्रेसचा नवनाथ. त्याचा 'ओके' ऐकायला शेजारच्या लाइनवरची माणसं थांबत. आळंदीला भजनात टाळ धरलेला माणूस तो. 'गार्ड'वर हलकी हरकत, 'ओके'ला लांब सूर. हात तलवारीसारखा सुटायचा. नजर त्या वेळी घड्याळावर असायची, पण घड्याळही समोरच होतं, तेव्हा कुणी हरकत घ्यायचं कारण नव्हतं.

आणि याच कार्डावर तीन महिने नापास होत होती दीपमाला. औसा तालुक्यातून आलेली, आयटीआय केलेली, कामाला चोख. चौघी मैत्रिणींबरोबर महाळुंग्यात खोली घेऊन राहायची. पत्रा उचलायची तर कड कधी हाताला लागू द्यायची नाही, डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवताना एक केसभर फरक तिच्या लक्षात यायचा. पण बोट-बोल करताना तिचा आवाज तिच्याच कॉलरच्या पुढे जात नसे. समाधानचं ॲप तिचा आवाज शोधताना पंख्याचा आवाज मोजून परत यायचं.

त्यात नवल काहीच नव्हतं. वीस वर्षं तिला आईने, आजीने, काकाने, शाळेतल्या बाईंनी, एसटीच्या कंडक्टरने एकच शिकवलं होतं, मुलीच्या जातीने हळू बोलावं. ते शिक्षण उत्तम झालं. आता कंपनीला नव्वद डेसिबल हवे होते.

शनिवारी ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं. त्याच दिवशी तिची शेवटची चाचणी. पास झाली तर ऑपरेटर, नाही तर परत औसा. तिथे काकांनी तिच्या नावाने शिवणक्लासात जागा धरून ठेवली होती. यंत्रावर बायकांचं काम नसतं असं त्यांचं मत होतं. शिवणयंत्र हे यंत्रात मोडत नाही, असंही बहुधा असावं.

त्याच आठवड्याच्या सोमवारी साहेबरावांनी तिला प्रशिक्षण कक्षात बसवून घेतलं. ओरडून काही होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ज्याला कळत नाही त्याच्यावर ओरडलं की त्याला न कळणं आणि भिणं अशा दोन गोष्टी येतात, हा त्यांचा जुना अनुभव. त्यांनी शांतपणे विचारलं की नेमकं अडतंय कुठे.

दीपमालाने हातमोज्याच्या बोटाची शिवण ओढून पाहिली. मग म्हणाली, "सर, रागावू नका. पण मी कुणाला सांगायलेय? गार्डला? त्याला ऐकू येतं का?"

साहेबरावांनी पुस्तक उघडलं. पुस्तकात होतं की या पद्धतीने एकाग्रता वाढते आणि मेंदूचा पुढचा भाग कार्यरत होतो. ते त्यांनी वाचून दाखवलं. दीपमालाने मान हलवली. ती मान साहेबरावांच्या चांगल्या ओळखीची होती. न पटलेल्या गोष्टीला वडीलधाऱ्यांसमोर हलते ती. आणि तिचा प्रश्न वाजवी होता. सहा वर्षांत चारशे मुलं त्यांच्या हाताखालून गेली, चारशेंनी लोखंडाला 'ओके' सांगितलं आणि एकानेही विचारलं नाही की लोखंडाला सांगून काय उपयोग. त्याहून वाईट म्हणजे साहेबरावांनाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बसमध्ये त्यांनी पुन्हा फौलाद पंचम लावलं. सतरावा भाग, 'रुसवा'. डाव्या हातातला पोरगा सगळ्यांवर रुसतो, कारण त्याच्या वाटच्या शेवया जुळ्यांनी खाल्लेल्या असतात. संकट येतं, जोडणी होते, पण हा पठ्ठ्या तोंड उघडायला तयार नाही. हात चालवतो, पण मुकाट्याने. चाकण चौकात बस चाळीस मिनिटं अडकली होती. त्या चाळीस मिनिटांत साहेबरावांनी तो भाग दोनदा पाहिला आणि दुसऱ्यांदा बघताना ताठ बसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दीपमालाला डबा घेऊन बोलावलं आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. बॅचमधली आणखी पाचसहा मुलं मागे गोळा झाली. शिकवणारा माणूस स्वतः कार्टून लावतोय म्हणजे एकतर परीक्षा असणार, नाहीतर सरांचं वय झालं असणार, अशा दोन तर्कांत ती उभी होती.

पडद्यावर उजव्या हातातली मुलगी ओरडली, "वज्रमुष्टी, उजवीकडून!" आणि ठोसा सुटला. त्याच क्षणी डावा हात न बोलता आडवा आला. दोन्ही हात एकमेकांत अडकले, उजवा ठोसा सटकून स्वतःच्याच हनुवटीवर बसला आणि बारा मजली फौलाद पंचम त्या तीन खडकांवर उताणा पडला. बेडूक-राक्षस काळजीने पुढे येऊन विचारू लागला की फार लागलं का. मुलं खो-खो हसली. दीपमाला हसली, तिला ठसका लागला, ती पाणी प्यायली आणि मग हसायची थांबली.

उत्तर समोर असताना शिक्षकाने तोंड मिटून बसणं ही सगळ्यात अवघड कला, आणि ती साहेबरावांना साधलेली होती.

"सर, मागं घ्या की जरा," ती म्हणाली. त्यांनी मागे घेतलं. "त्या पोरीला हा दिसतच न्हाई. ती तिकडं बसलीय, हा इकडं बसलाय. मधी सगळं लोखंड."

"बरं."

"मग ती वरडायलीय ते बेडकाला सांगायला न्हाई. ह्याला सांगायला."

साहेबरावांनी डब्याचं झाकण लावलं. चार नंबरच्या प्रेसवर तिची जागा मागची होती. पुढून नवनाथ पत्रा ठेवणार, तो दोन्ही बटणं दाबणार, वरचा भाग खाली येणार, आणि तयार झालेला नग मागून हिने हात घालून काढायचा. मध्ये दीड माणूस उंच डाय. नवनाथला ती दिसत नाही, तिला नवनाथ दिसत नाही.

"पिंपरीला माझ्या प्रेसच्या मागे दत्तोबा होता," ते म्हणाले. "मी पुढे, तो मागे. आठ वर्षं जोडी. एका दुपारी मी पेडल दाबलं आणि त्याचा हात आत होता. दोन बोटं."

"तुमी इचारलं नव्हतं त्यास्नी?" दीपमालाने विचारलं.

"तेव्हा विचारायची पद्धत नव्हती."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. दत्तोबाला नंतर गेटवर बसवलं आणि पुढची अकरा वर्षं तो रोज सकाळी साहेबरावांना तीन बोटांनी सलाम करायचा, अगदी मनापासून, हसून. दत्तोबाच्या मनात काही नव्हतं. त्यामुळे ते सगळं साहेबरावांनाच वागवावं लागलं.

इतक्यात दारात समाधान उभा राहिला. प्रशिक्षण कक्षात कार्टून, हे दृश्य त्याने डोळे भरून पाहिलं आणि हे काय चाललंय असं विचारलं. साहेबरावांनी सांगितलं की ही बोट-बोलची शिकवणी आहे. समाधानचा चेहरा लांबू लागला, तेव्हा त्यांनी पुस्ती जोडली की हे जपानी आहे. या कंपनीत त्या एका शब्दापुढे सगळी दारं उघडत. समाधानने चेहरा आवरला, जवळ येऊन आदराने अर्धा मिनिट पाहिलं आणि याचं सर्टिफिकेट मिळतं का ते विचारून गेला.

बुधवार ते शुक्रवार दीपमालाने सराव केला. प्रशिक्षण कक्षातल्या सरावाच्या प्रेसवर साहेबराव पुढे, ती मागे. ते डोळे मिटून उभे राहत आणि म्हणत की मी आंधळा आहे, मला तुझ्या आवाजावरच बटण दाबायचंय. पहिल्या दिवशी त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही. ऐकूच आलं नव्हतं, तर दाबणार कसं? दुसऱ्या दिवशी दुपारी ती चिडली आणि त्या चिडीत आवाज निघाला. तिसऱ्या दिवशी तिने हात असा लांब केला आणि "हात बाहेर" असं काही दणक्यात म्हटलं, की डाव्या हातातला तो पोरगा रुसवा सोडून परत आला असता. बॅचमधल्या एका पोराने मागून हळूच "वज्रमुष्टी" म्हटलं. दीपमाला लाजली, पण तिचा हात खाली आला नाही.

इकडे बाकी कंपनी ऑडिटच्या तयारीला लागली होती. आपल्याकडे ऑडिट आणि लग्न यांची तयारी एकाच पद्धतीने होते, आधी रंग काढतात. गुरुवारी रंगवाल्या ठेकेदाराची माणसं आली आणि जे जे हलत नव्हतं ते ते त्यांनी रंगवलं. खांब निळे, जमिनीवरच्या पट्ट्या पांढऱ्या, प्रेसची सगळी गार्डं पिवळी. शनिवारी सकाळी शॉप असं चकाकत होतं की तिथे काही तयार होतं यावर विश्वास बसू नये.

ऑडिटर म्हणून जयदीप नावाचा एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण आला. नम्र, इस्त्रीचा, हातात टॅब्लेट. त्या टॅब्लेटमध्ये एकशे अठरा प्रश्न होते. समाधान त्याला एकेक लाइन दाखवत पुढे सरकत होता, जयदीप 'ओके'वर बोट टेकवत होता. अकराच्या सुमारास ते चार नंबरपाशी आले. साहेबराव मागच्या बाजूला खांबाला टेकून उभे होते. समाधानने फोनवर ॲप चालू केलं.

नवनाथने सुरुवात केली. त्या दिवशी त्याचा सूर विशेष लागला होता. गार्ड, सेन्सर, डाय, तिन्ही ओके, एकाहून एक सरस. जयदीप भारावून गेला. मग नवनाथचे अंगठे सवयीने दोन्ही बटणांवर गेले. मागून काहीतरी पुटपुटणं येईल आणि मग दाबायचं, अशी गेल्या तीन महिन्यांची चाल होती.

दीपमालाने मागच्या गार्डकडे बोट केलं. आणि बोटाबरोबर तिची नजर गेली, कारण तिला खरंच कुणालातरी सांगायचं होतं आणि खोटं सांगून चालणार नव्हतं. मागचं गार्ड म्हणजे जाळीचं दार. ते पूर्ण लागल्याशिवाय प्रेस चालू नये म्हणून चौकटीला एक स्विच असतो. ते दार गेले कित्येक महिने बिजागरीत लटकत होतं, नीट लागत नव्हतं, आणि काम अडू नये म्हणून कुणीतरी तो स्विच प्लास्टिकच्या पट्टीने आवळून दाबून ठेवला होता. म्हणजे दार उघडं असलं तरी प्रेसला वाटावं की ते लागलंय. ऑडिटच्या आधी ती पट्टी काढायची हे समाधानच्या यादीत होतं. पण यादीतलं ते काम येण्याआधी रंगवाला आला. स्विच, पट्टी, चौकट, सगळं एका पिवळ्या रंगात गेलं, आणि ज्यांना ती पट्टी माहीत होती त्यांनाही ती दिसेनाशी झाली.

दीपमालाचं बोट तिथेच राहिलं. हळू बोलायचं वीस वर्षांचं शिक्षण बहुतेक आडवं आलं होतं. शंभर माणसं, पाहुणा, साहेबलोक, आणि आज शनिवार.

"मागचं गार्ड बांधलेलं हाय," ती म्हणाली. शेजारच्या लाइनवरच्या माणसाने मान वळवली. "दाबू नका, नवनाथभाऊ. मागं ओके न्हाई."

नवनाथचे अंगठे बटणांवरून उडाले. जणू ती तापली होती.

सहा वर्षांत त्या शॉपमध्ये कुणीही काहीही ओके नाही असं म्हटलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं असतं ते कुणालाच माहीत नव्हतं. समाधान आधी हसला. मग म्हणाला की ट्रेनी आहे, घाबरलीय. जयदीप टॅब्लेटकडे बघत होता. टॅब्लेटमध्ये दोनच पर्याय होते, 'ओके' आणि 'लागू नाही'. त्याने 'लागू नाही'वर बोट नेलं, तिथेच थांबवलं आणि प्रेसला वळसा घालून मागे आला. त्याला काही दिसेना. दीपमालाने त्याला वाकायला सांगितलं आणि नखाने रंग खरवडून दाखवला. खालून काळी पट्टी वर आली.

जयदीप उभा राहिला. टॅब्लेट काखेत मारून त्याने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "कटर आहे का कुणाकडे?"

प्रेस तीन तास बंद राहिली. पट्टी कापली, बिजागरी बदलली, दार लागू लागलं. या तीन तासांत समाधान साहेबरावांना चार वेळा भेटून गेला. पहिल्यांदा म्हणाला की मुलीने कंपनीचं नाक कापलं. दुसऱ्यांदा म्हणाला की आधी कानात सांगायला काय झालं होतं. साहेबराव म्हणाले की ती तीन महिने कानातच बोलत होती, तेव्हा तुम्हीच तिला नापास केलंत. तिसऱ्या वेळी तो प्रेस किती मिनिटं बंद आहे ते सांगून गेला. चौथ्या वेळी दीपमालाचं कार्ड घेऊन आला.

"सर, हिला नापास कशात करू?"

"आवाज किती आला?"

"चौऱ्याण्णव."

"हात?"

"सरळ होता." समाधानने प्रामाणिकपणे सांगितलं. "पायांत अंतरही बरोबर होतं."

"मग?" साहेबरावांनी विचारलं.

समाधानने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. ते त्याने स्वतः बनवलं होतं, त्यात खरं बोलण्याचे गुण कापायची सोय ठेवायची राहून गेली होती. त्याने सही केली. संध्याकाळी दीपमाला साहेबरावांना सांगायला आली, तेव्हा सांगण्याआधीच तिचा चेहरा सांगून मोकळा झाला होता. काकांना फोन करायचाय, पण काय बोलावं कळेना, असं ती म्हणाली. साहेबराव म्हणाले, "मोठ्याने बोल म्हणजे झालं."

सोमवारी पहिल्या शिफ्टला ती चार नंबरच्या मागे ऑपरेटर म्हणून उभी राहिली. साहेबराव नव्या बॅचला शॉप दाखवत फिरत होते. मुलांना त्यांनी सांगितलं की काही बोलू नका, फक्त त्या पुढच्या माणसाचे हात बघा.

नवनाथने नेहमीची तान घेतली. गार्ड ओके. सेन्सर ओके. पण या वेळी 'डाय ओके' म्हणताना त्याचा सूर थोडा हलला, कारण तो डायकडे बघत होता आणि बघता बघता गाणं अवघड जातं. मग अंगठे बटणांवर गेले, आणि वर उचलले गेले. मागे दीपमाला आपल्या वेगाने एकेक गोष्ट पाहत असणार. तिला घाई नव्हती. नवनाथ मान जरा कलती करून, डायच्या पलीकडे कान लावून उभा राहिला. पाच सेकंद गेले, दहा गेले. शेजारच्या दोन प्रेस धडधडत होत्या. त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.

मागून आवाज आला, तेव्हा कुठे त्याने बटणं दाबली.